शेतकऱ्याची पत : ती कशाने वाढते व कशाने घटते

मृग नक्षत्र लागण्यास पंधरा-वीस दिवसांचा अवधी उरला, म्हणजे नागपूर जिल्ह्यातील बँकांच्या शाखांतून व सेवा सहकारी संस्थांच्या कार्यालयांतून शेतकऱ्यांची वर्दळ वाढू लागते. उन्हाळवाही आटोपलेली असते, काडीकचरा वेचून शेत तयार झालेले असते आणि कपाशी, तूर व सोयाबीन यांच्या बियाण्याची, तसेच खताची जुळवाजुळव करावयाची असते. ह्या वेळी हाती पडलेला पैसा सोन्याच्या मोलाचा असतो. तोच पैसा एक महिना उशिराने मिळाला, तर त्याचा पेरणीस काही उपयोग होत नाही. अशा ऐन वेळी शाखेतील अधिकारी यंत्राकडे पाहून, "आपला सिबिल कमी आहे," एवढेच सांगतात आणि शेतकरी रिकाम्या हाताने परत फिरतो. हा सिबिल म्हणजे नेमके काय, तो कोणी ठरविला व तो कमी का झाला, ह्याची उकल त्याला होत नाही. पेरणी तर थांबविता येत नाही. मग पावले आपोआप सावकाराच्या ओसरीकडे वळतात.

ह्यात किती नुकसान आहे ते हिशेबाने पाहावे. एक लाख रुपयांच्या पीककर्जावर केंद्र सरकारच्या व्याज सवलत योजनेप्रमाणे शेकडा ७ दराने वर्षाचे व्याज ७,००० रुपये होते. मुदतीत फेड करणाऱ्यास त्यांतील शेकडा ३ ची सूट मिळते. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे, मुदतीत परतफेड करणाऱ्या शेतकऱ्यास ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज २०२१-२२ पासून शून्य टक्के व्याजाने पडते. उलटपक्षी, तेच एक लाख रुपये खाजगी रीतीने दरमहा शेकडा ३ दराने उचलले असे समजले, तर वर्षाअखेर ३६,००० रुपये केवळ व्याजापोटी जातात. म्हणजे ज्याची पत शाबूत आहे, त्याचा उत्पादनखर्च पेरणीच्या दिवशीच कमी झालेला असतो. उत्तम बियाणे व योग्य मशागत यांच्याइतकीच पत हीदेखील शेतीची एक निविष्टा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

पतीची कल्पना कशी बदलत गेली

पत हा शब्द आपल्याकडे जुना आहे. ऐपत म्हणजे फेडण्याची शक्ती आणि दानत म्हणजे फेडण्याची वृत्ती. ह्या दोहोंवरून गावात माणसाची पत ठरत असे. परंतु सावकाराच्या व्यवहारात दानतीपेक्षा जमिनीकडे अधिक लक्ष असे. खत लिहून घ्यावे, व्याज चढू द्यावे आणि अखेरीस जमीन पदरात पाडून घ्यावी, ही रीत होती. तिचा कडेलोट १८७५ साली झाला. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे त्या वर्षी मे महिन्यात शेतकऱ्यांनी उठाव करून सावकारांची कर्जखते जाळली. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. नागपूर ज्या मध्यप्रांताची राजधानी होते, त्या प्रांतातही १९३३ साली कर्ज तडजोडीचा कायदा करावा लागला.

स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने १९५१ साली देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी हाती घेतली. ए. डी. गोरवाला ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अहवाल १९५४ साली प्रसिद्ध केला. शेतकरी वर्षाकाठी घेत असलेल्या दर शंभर रुपये कर्जांपैकी सुमारे ७० रुपये सावकारांकडून येतात आणि सहकारी संस्थांकडून जेमतेम ३ रुपये येतात, असे त्या पाहणीत दिसून आले. ह्या समितीने एक महत्त्वाचा विचार मांडला. शेतकऱ्यास कर्ज द्यावयाचे ते तो जमिनीचा मालक आहे म्हणून नव्हे, तर तो पिकाचा उत्पादक आहे म्हणून द्यावे, असा तो विचार होय. आजची पीककर्ज पद्धती ह्याच विचारावर उभी आहे. १९९८ साली सुरू झालेले किसान क्रेडिट कार्ड हे तिचेच पुढचे रूप होय.

प्रथम जमीन, त्यानंतर पीक आणि आता त्यांच्या जोडीस माणसाचा व्यवहार, अशी पतीची तीन पावले आहेत. सिबिल हे तिसरे पाऊल आहे.

पतगुण म्हणजे काय

गावातील गटसचिवास कोणता सभासद वेळेवर भरतो व कोणता चुकवितो हे तोंडपाठ असते. देशातील कोट्यवधी कर्जदारांविषयी अशी माहिती एके ठिकाणी असावी, ह्या हेतूने पतमाहिती कंपन्या स्थापन झाल्या. त्यांतील पहिली सिबिल ही २००० साली निघाली व तिचेच नाव लोकांच्या तोंडी बसले. वास्तविक सिबिल हे गुणाचे नाव नसून कंपनीचे नाव आहे. आज ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या हे काम करतात. त्यांचे नियमन २००५ च्या कायद्यान्वये रिझर्व्ह बँक करते.

बँका व वित्तसंस्था आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती ह्या कंपन्यांकडे पाठवितात. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती निदान दर पंधरवड्यास पाठविण्याचे बंधन घालण्यात आले. ह्या नोंदींवरून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक आकडा काढला जातो, तोच पतगुण होय. आकडा जितका ९०० च्या जवळ, तितकी फेडीची खात्री अधिक मानली जाते. कर्ज द्यावयाचे की नाही, हे कंपनी ठरवीत नाही. तो निर्णय बँकेचाच असतो.

पतगुणावर परिणाम करणाऱ्या गोष्टी

पहिली व सर्वांत वजनदार गोष्ट म्हणजे परतफेडीतील नियमितपणा. हप्ता किती दिवस उशिरा भरला, ह्याची मागील छत्तीस महिन्यांपर्यंतची महिनावार नोंद अहवालात दिसते. रक्कम मोठी की लहान, हा प्रश्न येथे गौण ठरतो. पुष्कळदा असे आढळते की, शेतकऱ्याने पीककर्ज चोख फेडलेले असते, परंतु मुलासाठी हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचे किंवा मोटारसायकलीचे दोन-तीन हप्ते थकलेले असतात. हे हप्ते घेणारी वित्तसंस्थाही आपली माहिती पाठवीतच असते. घरातील एवढ्याशा विसरभोळेपणामुळे खरिपाच्या तोंडावर अडथळा उभा राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मंजूर मर्यादेपैकी किती रक्कम सदैव उचललेली आहे ही होय. ज्याचे खाते बाराही महिने मर्यादेच्या काठोकाठ भरलेले असते, तो अडचणीत असावा असा तर्क केला जातो. विशेषतः क्रेडिट कार्डासारख्या खात्यांना हे लागू पडते. किसान क्रेडिट कार्डाच्या बाबतीतही हाच धडा घ्यावा. कापूस विकला, संत्र्याचा बगीचा विकून पैसे आले, की ते खात्यात भरावेत आणि पुढे गरजेप्रमाणे काढावेत. त्यामुळे व्याजही वाचते.

तिसरी गोष्ट म्हणजे कर्जव्यवहाराचे वय. जुने व नीट चाललेले खाते ही पतीची साक्ष असते. ज्याने कधीच बँकेचे कर्ज घेतले नाही, त्याच्या नावापुढे इतिहास नसल्याचा शेरा येतो. तो दोष नव्हे. प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही एवढ्याच कारणावरून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२५ च्या निर्देशांवरून स्पष्ट झाले आहे. वडिलांच्या पश्चात शेती पाहू लागलेल्या तरुणांनी व स्वतःच्या नावे सातबारा असलेल्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे.

चौथी गोष्ट म्हणजे कर्जांचा प्रकार. पीककर्ज, ट्रॅक्टरचे किंवा विहिरीचे मुदती कर्ज, सोनेतारण कर्ज व विनातारण वैयक्तिक कर्ज असे निरनिराळे प्रकार असतात. विनातारण कर्जांचा भरणा अधिक झाला, तर तो धोक्याचा मानला जातो. मोबाइलवरून पाच मिनिटांत मिळणारी लहान लहान कर्जे ह्याच वर्गातील होत.

पाचवी गोष्ट म्हणजे कर्जासाठी केलेल्या मागण्यांची संख्या. एका शाखेने नकार दिला म्हणून त्याच आठवड्यात दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या ठिकाणी अर्ज केला, तर प्रत्येक चौकशीची नोंद होते व अर्जदार निकडीत आहे असे दिसते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र गुण कमी होत नाही.

ज्या गोष्टी गणल्या जात नाहीत

जात, धर्म, शिक्षण किंवा गावातील मानमरातब ह्यांचा पतगुणाशी काही संबंध नाही. सातबाऱ्यावरील क्षेत्र, घरातील गुरेढोरे व वार्षिक उत्पन्न हेदेखील त्या आकड्यात धरले जात नाहीत. ह्या गोष्टी बँक निराळ्या पाहते. म्हणूनच पन्नास एकरांच्या धन्याचा गुण कमी आणि त्याच्याच शेजारच्या तीन एकरांच्या शेतकऱ्याचा गुण अधिक, असे घडू शकते. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने ही समाधानाची बाब आहे.

जामिनकीविषयी सावधगिरी

आपल्याकडे नात्यागोत्याच्या भिडेस पडून जामीन राहण्याची प्रथा आहे. मेहुण्याने ट्रॅक्टर घेतला, शेजाऱ्याने विहीर खोदली, आणि सहीसाठी हाक आली की माणूस विचार न करता सही करतो. परंतु जामीनदाराच्या अहवालातही ते कर्ज दिसते. मूळ कर्जदाराने हप्ते थकविले, तर त्याची झळ जामीनदारासही लागते व त्याचे स्वतःचे पीककर्ज अडते. महिलांच्या गटांना लघुवित्त संस्थांकडून मिळणाऱ्या कर्जांतही प्रत्येक भगिनीच्या नावे स्वतंत्र नोंद होऊ शकते. तेव्हा सही करण्यापूर्वी कर्ज किती, हप्ता किती व फेडीचे साधन कोणते, हे विचारून घेण्यात संकोच मानू नये. जामीन राहिल्यानंतरही वर्षातून एकदा त्या कर्जाची चौकशी करावी.

नापिकीच्या वर्षी काय करावे

पत केवळ माणसाच्या हाती आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. बोंडअळीने कपाशी गेली, ऐन काढणीत पाऊस येऊन सोयाबीन कुजले किंवा काटोल-नरखेड भागात आंबिया बहाराची फळगळ झाली, तर प्रामाणिक शेतकऱ्याचीही फेड चुकते. नियम करणाऱ्यांनीही हे जाणले आहे. म्हणूनच इतर कर्जे ९० दिवस थकली की अनुत्पादक ठरतात. परंतु अल्पमुदती पिकांचे कर्ज दोन पीक हंगाम थकल्यानंतर, आणि एका वर्षाहून अधिक काळाच्या पिकाचे कर्ज एक हंगाम थकल्यानंतर अनुत्पादक गणले जाते.

असे समजा की, एकाच शिवारात दोन शेतकरी आहेत. दोघांचीही जमीन पाच एकर, दोघांचाही पेरा कापूस व तूर आणि दोघांचेही पीक एकाच अतिवृष्टीत गेले. पहिला शेतकरी वसुलीची सूचना येईल ह्या भीतीने बँकेकडे फिरकत नाही. त्याचे खाते आधी थकीत व पुढे अनुत्पादक होते. दुसरा शेतकरी पंचनाम्याची प्रत व पैसेवारीची माहिती घेऊन मुदत संपण्यापूर्वीच शाखेत जातो आणि कर्जाच्या पुनर्गठनासाठी लेखी अर्ज देतो. शासनाने नैसर्गिक आपत्ती जाहीर केल्यावर बँकांना ठरलेल्या नियमांनुसार पीककर्जाचे मुदती कर्जात रूपांतर करता येते. तसे झाले म्हणजे हप्ते पुढे ढकलले जातात, खाते थकबाकीत पडण्याचे टळते व नव्या हंगामासाठी पुन्हा कर्ज मिळण्याचा मार्ग मोकळा राहतो. आपत्ती दोघांवर सारखीच आली. फरक पडला तो एका अर्जाचा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नापिकीच्या वर्षी हा अर्ज प्रत्येक खातेदाराकडून वेळेत जाईल, असे पाहावे.

"नवे-जुने" करण्याच्या पद्धतीचाही येथे विचार केला पाहिजे. जुने कर्ज भरावयाचे व लगेच नवे उचलावयाचे, ही रीत सर्वत्र रूढ आहे. त्यासाठी काही शेतकरी दोन-चार दिवसांकरिता बाहेरून जबर व्याजाने पैसे आणतात. परंतु शेवटच्या आठवड्याऐवजी माल विकला जाईल तसतशी रक्कम भरत गेल्यास ही धावपळ व हा भुर्दंड दोन्ही टळतात.

कर्जमाफी आणि तडजोड

देशात २००८ साली कर्जमाफी झाली. महाराष्ट्रात २०१७ साली छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये नागपूर येथील हिवाळी अधिवेशनात महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. पिचलेल्या शेतकऱ्यास ह्या योजनांनी दिलासा दिला, ह्यात शंका नाही. परंतु कर्जमाफी होईल ह्या आशेवर, भरण्याची शक्ती असतानाही खाते थकविणे हे हिताचे नाही. माफीने बँकेचे येणे फिटते. तोवरच्या थकलेल्या दिवसांची नोंद मात्र त्यामुळे आपोआप पुसली जात नाही. २०१९ च्या योजनेत नियमित फेड करणाऱ्यांना ५० हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहनाची रक्कम देण्याची तरतूद होती, हेही विसरता कामा नये.

एकरकमी तडजोडीचेही असेच आहे. दोन लाखांच्या येण्यापोटी सव्वा लाख भरून प्रकरण मिटविले, तर खाते पूर्ण फिटले असे अहवालात न दिसता, तडजोडीने मिटले असा शेरा पडतो. दुसरा इलाज नसेल तर तडजोड अवश्य करावी. परंतु तिचा परिणाम पुढे काही वर्षे राहतो, हे जाणून करावी. कर्ज फिटल्यावर बँकेकडून बेबाकी दाखला घेऊन तो सातबाऱ्याइतकाच जपून ठेवावा.

पीककर्जास सिबिलची अट

पिकाच्या आधारावर द्यावयाच्या कर्जास आकड्याची आडकाठी असावी काय, हा प्रश्न महाराष्ट्रात अनेकदा उपस्थित झाला आहे. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्र्यांनी, पीककर्जासाठी शेतकऱ्यांकडे सिबिलची मागणी करू नये, असे बँकांना बजावले. तसेच १ जानेवारी २०२५ पासून शेतकऱ्यास तारणाशिवाय द्यावयाच्या कर्जाची मर्यादा रिझर्व्ह बँकेने १ लाख ६० हजारांवरून २ लाख रुपये केली. तेव्हा केवळ गुण कमी आहे म्हणून पीककर्ज नाकारले गेले, तर नकाराचे कारण लेखी मागावे व तालुक्याचे सहायक निबंधक किंवा जिल्ह्याची अग्रणी बँक ह्यांच्याकडे दाद मागावी. तथापि, ट्रॅक्टर, ठिबक सिंचन, गोठा, मुलीचे उच्च शिक्षण किंवा घर ह्यांसाठी लागणाऱ्या कर्जास पतगुण पाहिला जातोच. म्हणून पीककर्जापुरती सवलत मिळाली तरी पतीकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.

आपला अहवाल कसा पाहावा व चूक कशी दुरुस्त करावी

प्रत्येक नागरिकास चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल गुणासह विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. तो कंपनीच्या संकेतस्थळावरून काढता येतो. ज्यांना ते जमत नाही, त्यांनी घरातील शिकलेल्या मुलामुलींचे साहाय्य घ्यावे. मात्र मोबाइलवर येणारा गुप्त क्रमांक कोणाही तिऱ्हाइतास सांगू नये. पैसे घेऊन सिबिल वाढवून देतो असे म्हणणाऱ्यांपासून दूर राहावे. खरी नोंद पैशाने पुसता येत नाही आणि चुकीची नोंद दुरुस्त करण्यास पैसे लागत नाहीत.

अहवाल हाती आल्यावर नाव, जन्मतारीख व पॅन क्रमांक प्रथम तपासावेत. आपल्या खेड्यांत एकाच नावाची व एकाच आडनावाची अनेक माणसे असतात. त्यामुळे एकाचे कर्ज दुसऱ्याच्या नावे चढणे असंभवनीय नाही. फिटलेले कर्ज अद्याप बाकी दिसते काय आणि आपण न घेतलेले कर्ज नोंदले आहे काय, हे पाहावे. चूक आढळल्यास संबंधित बँकेकडे व कंपनीकडे लेखी तक्रार करून पोहोच घ्यावी. तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागला पाहिजे. तसे न झाल्यास, एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे तक्रारदारास दर दिवसास १०० रुपये भरपाई द्यावी लागते. एवढ्यानेही समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

हे काम मे महिन्यात करून भागत नाही, कारण दुरुस्तीस महिना लागू शकतो. दिवाळीनंतर कापसाच्या वेचणीतून थोडी उसंत मिळते, तेव्हाच ते उरकावे.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी जानेवारी महिन्यात गावात एक बैठक घ्यावी व तिला गटसचिव आणि बँकेचे शाखाधिकारी ह्यांना बोलवावे. कोणाचा हप्ता केव्हा आहे, कोणाची नोंद चुकली आहे व कोणास पुनर्गठनाची गरज आहे, ह्याची यादी करावी. मात्र कोणाचाही पतगुण चारचौघांत वाचून दाखवू नये. ती ज्याची त्याची खाजगी बाब आहे. माती परीक्षणाचा अहवाल पाहून ज्याप्रमाणे खताची मात्रा ठरवितात, त्याचप्रमाणे हा अहवाल पाहून कर्जाची मात्रा ठरवावी, असे शेतकरी बांधवांना समजावून सांगावे.

माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब कमी निघाला म्हणून कोणी शेत टाकून देत नाही. शेणखत, हिरवळीचे खत व पिकांची फेरपालट ह्यांनी ते हळूहळू सुधारते. घसरलेल्या पतीचेही तसेच आहे. थकलेला हप्ता भरावा, पुढचे हप्ते वेळेवर द्यावेत आणि अनावश्यक कर्ज टाळावे. दोन-तीन हंगामांत नोंदी सुधारू लागतात व मृगाच्या तोंडावर बँकेची पायरी चढताना मनात धास्ती राहत नाही.